नेरळ ग्रुप

नेरळ स्टेशनवर उतरणारी माणसे दोन प्रकारची असतात. एक माथेरानला जाणारी, त्यांच्या पाठीवर बॅगा असतात आणि नजर लगेच डोंगराकडे जाते. दुसरे नेरळकर, जे वर न बघता पिशव्या सावरत जिन्याकडे वळतात. पंचवीस-सव्वीस वर्षांनी आम्ही चौघी या फलाटावर एकत्र उतरलो आणि चौघींनीही आधी डोंगराकडे पाहिले. म्हणजे आता आम्ही पाहुण्या झालो होतो.

आम्ही चौघी म्हणजे एकेकाळचा ‘नेरळ ग्रुप’. दोघी मोहल्ल्यातल्या, एक आगरी, एक कायस्थ. कॉलेज कल्याणच्या बाजूला. रोज सकाळी कर्जतहून येणारी लोकल पकडायची आणि संध्याकाळी परतायचे, अशी पाच वर्षे काढली. पुढे एक बँकेत लागली, एकीने संसार सांभाळला, दोघी मास्तरणी झाल्या. त्यातली एक उर्दू शाळेत मराठी शिकवते आणि हे तिच्या हातून लिहून होत आहे. पण आठवणी चौघींच्या आहेत आणि त्यात जे चुकले तेही चौघींचे आहे, म्हणून ‘मी’ न लिहिता ‘आम्ही’ लिहीत आहोत.

निमित्त होते मिनी ट्रेनचे. नेरळमध्ये वाढलेल्या माणसाने मिनी ट्रेन फक्त पाहिलेली असते, तो तिच्यात बसत नाही. नातेवाईक आले की त्यांना स्टेशनवर सोडायचे, हात हलवायचा आणि घरी यायचे. गेल्या डिसेंबरात ठरवले की आपणही एकदा बसू. पावसाळ्यात ही गाडी बंद असते. २०१९च्या पावसात मार्ग वाहून गेल्यावर तर नेरळपासून माथेरानपर्यंत पूर्ण फेरी सुरू व्हायला २०२२चा ऑक्टोबर उजाडला होता.

दोन फुटी रूळ, सुमारे २१ किलोमीटरचा घाट आणि वळणच वळण. हा रस्ता सरकारने बांधला नाही, हे आम्हाला शाळेत कोणी सांगितले नव्हते. मुंबईचे बोहरी व्यापारी सर आदमजी पीरभॉय यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांनी १९०४ ते १९०७ या काळात तो बांधून घेतला. खर्च १६ लाख रुपये आला आणि तो पीरभॉय घराण्याने उचलला. आमच्या आगरी मैत्रिणीने हे ऐकून विचारले, “मग तुमच्या मोहल्ल्यातल्यांना तिकीट फुकट का नाही?” हाच विनोद ती कॉलेजात असती तरी केला असता.

गाडीने पहिले वळण घेतले आणि खाली नेरळची कौले, पत्रे आणि आता उभ्या राहिलेल्या टोलेजंग इमारती एकत्र दिसू लागल्या. तेवढ्यात आमच्यातल्या एकीने मनातले काढले. तिचा मुलगा टेक्सासमध्ये शिकतो. तिथल्या मुस्लिम मुलांच्या एका ‘फ्रॅटर्निटी’ने त्याला बोलावले आहे. तो विचारतो, “अम्मी, जाऊ का?” आणि अम्मीला हे प्रकरण काय आहे तेच नीट ठाऊक नाही. “नाव ऐकून वाटते दारू आणि धिंगाणा. पण तो म्हणतो, हे लोक नमाजी आहेत.”

जे माहीत होते ते आम्ही तिला सांगितले. फ्रॅटर्निटी म्हणजे भाऊबंदकी, पण आपल्याकडच्या कोर्टकचेरीच्या अर्थाने नव्हे, खऱ्या अर्थाने. मुलींची असेल तर सोरोरिटी. नावे ग्रीक अक्षरांची ठेवायची ही रीत १७७६ पासून, व्हर्जिनियातल्या एका कॉलेजात ‘फाय बीटा काप्पा’ निघाली तेव्हापासून. आज जी ओळखीची आहे तशी भाऊबंदकी रुजली ती १८२५ नंतर न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेज या एका लहानशा कॉलेजात. गाव लहान, कॉलेज लहान, घरे लांब. तेव्हा मुलांनी आपापली बिरादरी उभी केली. ज्यांना या बिरादरीत दार बंद होते त्यांनी स्वतःची काढली. काळ्या विद्यार्थ्यांची ‘अल्फा फाय अल्फा’ १९०६ मध्ये कॉर्नेलला निघाली, आणि दोन वर्षांनी हॉवर्ड विद्यापीठात मुलींची ‘अल्फा काप्पा अल्फा’. आणि २०१३ मध्ये डॅलसच्या टेक्सास विद्यापीठात मुस्लिम मुलांनी जी काढली तिचे नाव ‘अल्फा लॅम्डा म्यू’. ग्रीक अक्षरे खरी, पण जरा मोठ्याने म्हणून पाहा. अलिफ, लाम, मीम. दारू नाही, मुलामुलींच्या पार्ट्या नाहीत. मुस्लिम मुलींची ‘गॅमा गॅमा काय’ त्याच्याही आधी, २००५ मध्ये निघाली होती.

मैत्रिणीचा चेहरा उजळला. मग आमच्यातली बँकवाली म्हणाली, “नाव चांगले आहे. पण आत घेताना काय करायला लावतात ते विचार.”

त्या एका वाक्याने डबा गप्प झाला. कारण आत घेताना काय करायला लावतात, हे आम्हा चौघींना टेक्सासला न जाता माहीत होते.

लेडीज डबा हे ज्यांनी रोज पाच वर्षे पाहिले नाही त्यांना सांगणे कठीण आहे. कर्जतची गाडी नेरळला येते तेव्हा जागा असते. शेलू, वांगणीला ती भरते. बदलापूरला चढणाऱ्या बायका आत शिरतात तेव्हा पाय ठेवायला फट उरत नाही. म्हणून नेरळकरणीला जागेचा माज असतो. त्या डब्यात नोकरी करणाऱ्या बायकांचा एक मोठा गट होता. त्या मटार सोलत, मेथी निवडत, दसऱ्याला डब्याला तोरण बांधत, एखादीला सातवा महिना लागला की डोहाळजेवण तिथेच करत. त्यांच्यात मंत्रालयात जाणाऱ्या एक ताई होत्या. आम्ही अकरावीत नव्याने चढू लागलो तेव्हा त्यांनी आम्हा दोघींच्या ओढण्या पाहिल्या आणि सरकून म्हणाल्या, “बसा गं पोरींनो, पुढे गर्दी होईल.” आम्हाला आत घेताना घेतलेली परीक्षा एवढीच.

१९९८च्या जानेवारीत रमजान होता. परतीच्या गाडीने वांगणी सोडली की मगरीब व्हायची. ताईंना ती वेळ आमच्याहून चांगली ठाऊक. पर्समधून त्या खजूर काढत, कोणाची पाण्याची बाटली पुढे येई, वसईहून आणलेली केळी कोणीतरी वाटे. शेवटच्या आठवड्यात तर रोजा नसलेल्या बायकाही “थांबा, अजून दोन मिनिटे आहेत” म्हणून हातातला वडा तसाच धरून बसत. इफ्तारच्या मोठमोठ्या दावतींना आम्ही नंतर गेलो. त्या वडा धरून थांबलेल्या हातांची सर कशाला आली नाही.

पण ताईंचा गट आणि आमचा गट वेगळा होता. एफवायला आलो आणि आम्हाला वाटू लागले की डब्याचा एक कोपरा आता आपल्या मालकीचा आहे. खिडकीजवळच्या समोरासमोरच्या सिटा. तिथे बसायचे तर ग्रुपमध्ये यावे लागे, आणि ग्रुपमध्ये यायचे तर ‘फी’ भरावी लागे. म्हणजे आठवडाभर सिट रिकामी असली तरी बदलापूरपर्यंत उभे राहायचे, आमच्या बॅगा मांडणीवर चढवायच्या, आम्ही सांगू ते गाणे म्हणायचे आणि शनिवारी सगळ्यांना वडापाव. आम्ही याला गंमत म्हणत होतो. ज्या मुली ही फी भरून आत आल्या त्याच पुढच्या वर्षी नव्या मुलींकडून ती दुप्पट उत्साहाने वसूल करत. मोजून घेतलेला त्रास माणूस सव्याज परत करतो, पण ज्याने दिला त्याला नाही, भलत्यालाच.

त्या वर्षी एक मुलगी नवीन आली. माथेरानच्या उतारावरच्या ठाकर वाडीतली. पहाटे उजाडायच्या आत रुळांच्या कडेने उतरून ती नेरळला येत असे. तिच्या वाडीतून कॉलेजला जाणारी ती पहिलीच. आम्ही तिचे नाव ‘जुम्मापट्टी एक्सप्रेस’ ठेवले. फी म्हणून तिला इंग्रजीत स्वतःची ओळख करून द्यायला लावली, आणि ती अडखळली की चौघी एकदम हसायचो. तिने वडापावाचे पैसे आणले नव्हते तेव्हा “उद्या आण” म्हणालो. तिच्या पायातली चप्पल आम्हाला दिसत होती. घरी गाय, कोंबड्या, वरच्या हॉटेलांना डोक्यावरून सामान पोहोचवणारी आई, हेही तिने सांगितले होते. तरीही म्हणालो.

ती आठ-दहा दिवस उभी राहिली. मग पुढच्या डब्यात जाऊ लागली. दिवाळीनंतर दिसली नाही. आम्ही चौकशी केली नाही. एकदा ताईंनी विचारले, “ती वाडीवरची पोर कुठे गेली गं?” आम्ही म्हणालो, “काय माहीत.”

पुढे १९९९ मध्ये महाराष्ट्राने रॅगिंगबंदीचा कायदा केला. त्यात संस्थेच्या आवारात आणि आवाराबाहेरही, असे स्पष्ट लिहिले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. २००९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले, तेव्हापासून विद्यार्थी आणि पालक दोघांना हमीपत्र द्यावे लागते. आमच्यातल्या दोघी शिक्षिका असल्याने पालक हे कागद घेऊन आमच्याकडे येतात. “मॅडम, सही कुठे करू?” न वाचता करतात. त्या वेळी आम्हाला ‘रॅगिंग’ हा शब्द माहीत होता, पण तो मेडिकलच्या होस्टेलातल्या मुलांचा. आमचा प्रकार म्हणजे नुसती चेष्टा, असे आमच्या मनात पक्के होते.

जुम्मापट्टीला गाडी थांबली. बोरे विकणाऱ्या बायका खिडक्यांशी आल्या. चौघींपैकी कोणीच बोलले नाही, पण चौघी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होतो. वय जुळते का, एवढेच.

पुढे वॉटर पाइप, मग अमन लॉज, मग माथेरान. माथेरानबद्दल फार लिहीत नाही; लाल माती, माकडे आणि घोड्यांचा वास यांचे वर्णन सगळ्यांनी केलेले आहे. मोटारींना बंदी असल्याने तिथे आपला स्वतःचा आवाज ऐकू येतो, हे मात्र खरे. एका पॉइंटवर दगडावर बसून आम्ही डबे उघडले आणि बोलणे पुन्हा टेक्सासच्या मुलावर आले.

मोहल्ल्यातल्या दुसरीने मदिन्याची गोष्ट काढली. ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. हिजरतीनंतर प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराची मदिन्याच्या एकेका अन्सारशी भाऊ म्हणून जोडी लावली. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपल्या भावापुढे अर्धी मालमत्ता ठेवली. हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांनी दुआ दिली आणि म्हणाले, मला बाजार कुठे आहे तेवढे दाखवा. मग चीज आणि तूप विकून ते पायावर उभे राहिले. आजवर आम्ही ही गोष्ट सांगताना नेहमी दिलदारीवर थांबत होतो. त्या दगडावर बसून पहिल्यांदा ध्यानात आले की यात आधीपासून घरात असलेला माणूस मोजतो आहे. नव्याने काहीच भरायचे नाही. जगभरच्या ग्रुपांमध्ये, ग्रीक अक्षरांच्या असोत की लेडीज डब्यातल्या, हिशेब नेमका उलटा असतो. तिथे नवा भरतो आणि जुना बसून खातो.

जुन्याने मोजण्याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. अलिगढच्या कॉलेजात १८९०च्या सुमारास विद्यार्थ्यांनी ‘अंजुमन-उल-फर्ज’ काढली. आधी आलेली मुले सुट्टीत गावोगावी वर्गणी गोळा करत, ती मागून येणाऱ्या गरीब मुलांच्या फीसाठी. कोल्हापुरात १९०६ मध्ये शाहू महाराजांच्या पाठबळाने मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. आणि खुद्द नेरळ-माथेरानचे भाई कोतवाल. नाभिक समाजातला हा वकील. वाड्यांवर शाळा काढल्या, गरिबांसाठी धान्यकोठ्या काढल्या, आणि १९४२ मध्ये आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील शहीद झाले. ज्या वाड्यांवर भाईंनी शाळा काढायची धडपड केली, त्याच डोंगराच्या एका वाडीतून आलेल्या मुलीला आम्ही पन्नास-पंचावन्न वर्षांनी इंग्रजीवरून हसलो. कोतवालवाडीसमोरून रोज जाऊन ही अक्कल.

“मग मी त्याला काय कळवू?” टेक्सासवाल्या मुलाची आई वैतागली.

बँकवाली म्हणाली, “कळवू नको. विचार. पहिल्या महिन्यात तुझ्याकडून काय घेणार आणि तुला काय देणार, हे त्या पोरांना सरळ विचार म्हणावे. आणि ते लपवून सांगू लागले तर माघारी ये.” हे आम्हाला पटले. गुप्त ठेवावी लागते ती गोष्ट बहुतेक वेळा देण्याची नसतेच.

उतरताना आम्ही गाडीची वाट पाहिली नाही. दस्तुरी नाक्यावरून टॅक्सी केली आणि चालकाला जुम्मापट्टीला थांबायला सांगितले. कोणी सुचवले आठवत नाही. रस्त्यापासून वाडी दहा-पंधरा मिनिटांची पायवाट. नाव विचारत गेलो तर तिचा भाऊ भेटला. कुडाचे घर जाऊन विटांचे आले होते, दारात मोटारसायकल. त्याने खाट बाहेर काढली, भावजयीने पाणी दिले. आम्ही तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी, असे सांगितले. ‘मैत्रिणी’ म्हणताना घसा कोरडा पडला.

“ती कॉलेजात कुठं राहिली,” भाऊ म्हणाला. “दिवाळीला सोडलं. पासाला पैसे नव्हते, आणि बापाला बरं नव्हतं.” आमच्यातल्या एकीने विचारले, “गाडीत काही त्रास झाला, असं म्हणाली होती का?” तो म्हणाला, “नाय बा. तसं काय बोलली नाय.”

आमच्यामुळे सोडले की पासामुळे, हे तेवढ्यावरून ठरत नव्हते. क्षणभर सुटल्यासारखे वाटले हे कबूल करतो. मग कायस्थ मैत्रीण हळूच म्हणाली, “पासाला पैसे नव्हते आणि आपण वडापाव मागत होतो.”

बहीण भिवपुरीच्या बाजूला दिली होती. भावाने आपणहून फोन लावला आणि आमच्या हातात दिला. आम्ही नेरळ ग्रुप म्हणून ओळख सांगितली. पलीकडे जरा शांतता.

“खिडकीवाल्या का?”

“हो, त्याच. आम्ही तुला उभं ठेवलं होतं.”

“बदलापूरपर्यंत,” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादा हिशेब बरोबर करून द्यावा तसे म्हणाली.

माफीची जी वाक्ये वाटेत जुळवली होती ती फोनवर नीट आली नाहीत. चुकलो, एवढे म्हटले. ती “असू दे आता” म्हणाली आणि लगेच दुसरेच विचारले. तिची मुलगी बारावीला आहे. जूनपासून कॉलेजला त्याच गाडीने जाईल. “त्या डब्यात अजून कोणी ओळखीचं हाय का तुमचं? पोर बुजरी हाय.”

ताई तर कधीच निवृत्त झाल्या. पण मोहल्ल्यातली एक भाची आता त्याच डब्यातून जाते, तिचाही ग्रुप आहे. रात्री घरी पोहोचल्यावर तिला फोन केला. सगळे सांगितले नाही, एवढेच म्हणालो की जूनमध्ये एक मुलगी येईल, तिला बसायला जागा द्या.

भाची हसायला लागली. “खाला, ती भिवपुरीला चढणार. आम्ही नेरळला. तिला आमच्या आधीच सिट मिळेल. उलट तीच आमच्यासाठी धरून ठेवेल.”

“तिला धरायला लावू नका,” आम्ही म्हणालो, जरा जोरातच.

“बरं बाई, नाही लावणार. नाव काय तिचं?”

नाव विचारायचे राहूनच गेले होते. दुसऱ्या दिवशी भिवपुरीला पुन्हा फोन लावला.